व्यंकोबा, मला काय पाजलं होतंस?

व्यंकोबा, तुझ्या तेराव्याला मी हसलो. पंगतीत बसून, हातात घास असताना, सगळ्यांच्या देखत. तुझा मुलगा वाढता वाढता थांबून माझ्याकडे बघत राहिला. मी ठसका लागल्याचं सोंग केलं. पण वैद्याच्या घरात ठसक्याचं सोंग करून भागत नाही. आतून लगेच कुणीतरी ज्येष्ठमधाची कांडी घेऊन आलं आणि सगळी पंगत उठेपर्यंत मला ती चघळत बसावं लागलं.

दोष माझा नव्हता. देवळातले पुजारी तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले आणि डोळे पुसून म्हणाले, "वैद्यबुवांनी उभ्या जन्मात कुणाशी वाद घातला नाही." आता तूच सांग, मी काय करायचं होतं? मग माझ्याशी इतकी वर्षं तू काय घालत होतास?

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. माझ्या तोंडून जे निघालं असतं ते तेराव्याच्या जेवणात शोभलं नसतं. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. तू ऐकून घेणारा कधीच नव्हतास, आता निदान मध्ये बोलणार नाहीस.

आपण एकाच गल्लीत वाढलो. देवळामागची शिंप्यांची गल्ली. दोन्ही बाजूंना शिलाईची यंत्रं दिवसभर खडखडायची आणि त्यावर आवाज चढवून बोलायची आपल्याला सवय लागली. परक्या माणसाला वाटायचं की हे दोघे भांडतायत. बहुतेक वेळा आपण भांडतच असायचो. तुझ्या आजोबांनी कधीकाळी राजवाड्याच्या घोड्यांना काढा पाजला होता, तेवढ्यावर तुझं घर राजवैद्याचं झालं. मी मद्रासला जाऊन डाक्टरी शिकून आलो, सरकारी दवाखान्यात लागलो, तर तू पहिले काही महिने मला माझ्या नावाने हाक मारली नाहीस. "बूट, जेवलास का?" असं विचारायचास. दत्तूचा बूट झाला तो माझ्या पायातल्या बुटांमुळे. ते झिजले तेव्हा कुठे मी परत दत्तू झालो.

तो ताप आला तेव्हा विलायतेतलं मोठं युद्ध संपत आलं होतं आणि म्हैसुरात दसऱ्याची धामधूम होती. मला ताप कळला तो कानांनी. गल्लीतली यंत्रं एकेक करून गप्प झाली.

मी म्हणालो, हा इन्फ्लुएंझा. तू म्हणालास, हा वातश्लेष्मज्वर. विहिरीच्या काठावर उभे राहून आपण नावावरून वाद घालत होतो. मानाजीराव जमादार पोहरा घेऊन आपली वाट बघत ताटकळले होते. घोडदळातून निवृत्त झालेला माणूस, मिशीला रोज तेल लावणारा, रांगेत उभं राहायची सवय असलेला. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बारसं नंतर करा रे. माझी पाठ का मोडून निघालीय, ते आधी सांगा." आणि तिथेच खाली बसले. गल्लीतले पहिले रोगी ते.

मग बंगळुराहून परिपत्रकं येऊ लागली. इंग्रजीत असायची. मी दवाखान्यात त्यांचं मराठी आणि कन्नड करायचो आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर उभा राहून वाचून दाखवायचो. पहिल्यात होतं, रोग्याला वाऱ्यापासून जपा. मी गल्लीभर फिरून खिडक्या लावून घेतल्या. पुढच्यात होतं, मोकळ्या हवेसारखं औषध नाही. मी परत फिरून त्याच खिडक्या उघडायला लावल्या. एकदा आलं, क्विनीन द्या. मग आलं, या तापावर क्विनीनचा गुण दिसत नाही, उगाच संपवू नका. परमँगनेटच्या पाण्याने गुळण्या करा असं आलं, तेव्हा गल्लीचं गटार सकाळ-संध्याकाळ जांभळं वाहायला लागलं.

पुतळाबाई आठवते ना? आठवणारच. दोन यंत्रांची मालकीण, नवरा गेल्यावर त्याच्यापेक्षा सरस कपडे बेतणारी बाई. ती रोज सकाळी दारात उभी राहून मला विचारायची, "डाक्टर, आज खिडकीचं काय ठरलं?" विचारण्यात चेष्टा आहे की चौकशी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तू मात्र उघड चेष्टा करायचास. कट्ट्याखाली हात बांधून उभा राहायचास आणि माझं वाचून झालं की म्हणायचास, "दत्तू, माझा ग्रंथ हजार वर्षांत एका अक्षराने बदलला नाही."

"तीच त्याची खोड आहे," मी म्हणायचो. "हजार वर्षांत त्याला नवीन काही कळलंच नाही."

"आणि तुझ्या लोकांना रोज नवीन कळतं, फक्त ताप तेवढा उतरत नाही."

गल्ली हसायची. एके दिवशी मी चिडून म्हणालो, "काल आम्ही चुकलो, हे आज चारचौघांत सांगणं, हेच माझं शास्त्र आहे." तू जरा विचार केलास आणि म्हणालास, "मग फार कष्टाचं शास्त्र आहे रे बाबा." तेव्हा मला ते झोंबलं होतं. आता वाटतं, माझ्या धंद्याबद्दल याहून खरं आणि याहून चांगलं कुणी बोललं नाही.

पुढचं परिपत्रक तोंडाला मलमलीची पट्टी बांधा असं सांगणारं होतं. शिंप्यांच्या गल्लीत हे वाचून दाखवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बायकांच्या पट्ट्यांना झालर होती आणि एका नव्या जावयाच्या पट्टीला जरीचा काठ होता. जमादार नुकतेच अंथरुणातून उठले होते, पण त्यांची मिशी पट्टीत मावेना. काठी टेकत ते माप द्यायला गेले. पुतळाबाईने फीत लावून मिशी मोजली आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी खिसे काढून दिले. जमादार एकेक टोक एकेका खिशात ठेवून देवदर्शनाला जायचे, आणि मी जाता-येता त्यांना नमस्कार करताना जमिनीकडे बघायचो.

तुला मी पट्टी दिली, तर नुसतं कापड काय करणार म्हणून तू तिच्या पदरात वेखंडाची पूड भरलीस. मग घरोघर शिंकत गेलास. चार घरांतल्या लोकांनी वैद्यबुवांनाच ताप आला म्हणून दारं लावून घेतली. तू माझ्याकडे येऊन पट्टीची तक्रार केलीस, वेखंडाचं नाव काढलं नाहीस.

या सगळ्या गमतीत माणसं मरत होती, हे तुला सांगायला नको. आपण दोघे एकमेकांना टोमणे मारत दिवसभर फिरायचो आणि संध्याकाळी दोघांपैकी कुणालाच सांगता यायचं नाही की जो उठला तो कशाने उठला. तुझे लोक म्हणायचे काढ्याने, माझे म्हणायचे मिक्श्चरने. मरणारे काहीच म्हणायचे नाहीत.

तेव्हा मी तो प्रयोग काढला. मी कुठेतरी वाचलं होतं की औषधाची पारख आठवणीवर करू नये. सारख्या रोग्यांचे दोन भाग करावेत, एका भागाला एक औषध, दुसऱ्याला दुसरं, आणि मग बघावं. शक्य तर रोग्याला आपण काय घेतोय ते कळू देऊ नये, कारण मनानेही ताप उतरतात. मी तुला म्हणालो, गल्लीच्या उजव्या बाजूला माझं मिक्श्चर, डाव्या बाजूला तुझा काढा. तू इतक्या झटकन "बरं" म्हणालास की मला तिथेच संशय यायला हवा होता. घरी येताना दारात पाऊल ठेवलं आणि लक्षात आलं, माझं घर डाव्या बाजूला आहे. मागे वळून बघितलं तर तू समोरच्या ओट्यावर उभा राहून हसत होतास. मी नुसतं तुझ्या दाराकडे बोट केलं. तुझं घर उजव्या बाजूला. तुझं हसू कसं विरलं ते मला अजून दिसतं.

रोग्याला कळू न देणं तर आपल्याला जमण्यासारखं नव्हतंच. तुझ्या काढ्याचा वास गावाबाहेर पार बोगादीपर्यंत जायचा. पण बाकी प्रयोग नेटाने चालू आहे असं आपण समजत होतो. एका सकाळी मी उजव्या बाजूला पुतळाबाईकडे गेलो, तर चुलीजवळ काढ्याचा तांब्या. मी विचारलं, "हे काय?"

"हे होय? समोरची बहीण देते. मी तिला तुमचं गोड औषध देते."

"बाई, तुम्ही फक्त मिक्श्चर घ्यायचं ठरलंय."

"तुमचं ठरलंय, डाक्टर. ताप आम्हाला आलाय."

मी तरातरा तुझ्याकडे यायला निघालो, तर तू डाव्या बाजूने तसाच तरातरा येत होतास. तुला जमादारांच्या उशाशी माझी बाटली सापडली होती. आपण दोघे मिळून जमादारांना जाब विचारायला गेलो. अशक्तपणाने ते अजून अधूनमधून आडवे व्हायचे; उठून ताठ बसले आणि म्हणाले, "सकाळी तुमचं, संध्याकाळी यांचं. शत्रूला दोन्ही बगलांतून घ्यायचं असतं. तुम्हाला लढाईतलं काय कळतं?" चौकशी केली तेव्हा कळलं की सबंध गल्ली दोन्ही औषधं घेत होती, वर देवळातलं तीर्थ आणि हुणसूरच्या कुणा बाबाचा अंगारा. तू कपाळाला हात लावून ओट्यावर बसलास. तुझ्या शेजारी मीही बसलो. त्या दिवशी आपलं पहिल्यांदा एकमत झालं, की ही गल्ली विज्ञानाच्या लायकीची नाही.

मग चंद्रा आजारी पडली. जमादारांची सून. जमादार बरे होत होते तोवर तिनेच त्यांचं सगळं केलं होतं. या तापाची ती एक वाईट रीत होती, म्हातारा सोडायचा आणि उमेदीतलं माणूस धरायचं. घर डाव्या बाजूला, म्हणजे तुझ्याकडे. तू दोन दिवस तिथून हलला नाहीस. आणि एका दुपारी माझ्या दवाखान्यात आलास, सगळ्यांसमोर, पायात वहाण नाही, आणि म्हणालास, "दत्तू, तुझं दे. प्रयोग मरू दे."

मी तुझ्याबरोबर आलो. तिचे ओठ निळे पडले होते. छाती भरली होती. मी जे होतं ते दिलं, पण तुझ्याकडे बघून मान हलवली. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "तुमच्या परिपत्रकात यावर काही आलं नाही?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता. तू खरंच विचारत होतास. मी म्हणालो, "नाही आलं." तू म्हणालास, "आमच्यातही नाही." मग आपण आत जाऊन तिच्या दोन्ही अंगांना बसलो. ती दिवेलागणीच्या आधी गेली.

त्यानंतर उजवी-डावी संपली. जमादारांनी दुखवट्यातच माळ्यावरून पलटणीतलं मोठं पातेलं काढलं. घरोघर सगळे आडवे, चूल पेटवायला माणूस नाही, मग निदान खायला तरी घालू या, म्हणाले. पुतळाबाई उठली होती, तिने तांदळाची गंजी, म्हणजे पातळ पेज, शिजवायला घेतली. ते पातेलं दांड्याला अडकवून वाहायला उभ्या गल्लीत धडधाकट दोनच माणसं होती, तू आणि मी. तू बुटका, मी उंच, त्यामुळे गंजी सारखी तुझ्याकडे सांडायची. तू म्हणायचास, सुंठ घाला. मी म्हणायचो, मीठ पुरे. पुतळाबाई म्हणायची, वाहणाऱ्यांनी वाहावं.

असेच एकदा पातेलं घेऊन चाललो होतो. मला वाटत होतं की जो पडून राहतो आणि ज्याच्या पोटात गरम काहीतरी जातं, तो त्यातल्या त्यात बरा निभावतो. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे. मी मागून म्हणालो, "व्यंकोबा, गंजीचा गुण आहे की नाही हे नक्की कळायचं तर एका बाजूला द्यायची नाही. मगच समजेल."

तू थांबलास. पातेलं खाली ठेवायला लावलंस. वळून विचारलंस, "कुठल्या बाजूला?"

मी पातेल्याची कड पुसू लागलो.

"बोल ना. शास्त्र तुझं आहे. कुठल्या बाजूला द्यायची नाही?"

मी गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघितलं. म्हणालो, "कुठल्याच नाही."

"मग उचल."

यावर आपण पुढे कितीदा भांडलो. मी म्हणायचो, तू प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस, मला नुसतं गप्प केलंस. न कळल्यामुळेही माणसं मरतात. तू म्हणायचास, तुला न कळण्यापेक्षा उपाशी ठेवण्याची भीती वाटली, म्हणून तू माणूस आहेस. मी म्हणायचो, दोन्हीची वाटायला हवी, आणि अशी काहीतरी रीत असायला हवी की कुणाला उपाशी न ठेवताही कळेल. ही रीत शोधणारे कुठेतरी असतील, व्यंकोबा. आपल्याला ती सापडली नाही. आपल्याला पातेलं वाहायचं होतं.

आणि मग मीच पडलो. गल्ली सावरत आली होती, एकदोन यंत्रं पुन्हा खडखडू लागली होती. बायको-मुलांना मी आधीच सासुरवाडीला पाठवलं होतं, त्यामुळे घरात मी एकटा. तू वळकटी घेऊन आलास आणि माझ्या खोलीत पथारी पसरलीस. मी तापात होतो, तरी तुला बजावलं, म्हणे, "माझं घर डाव्या बाजूला आहे. मला काढाच द्यायचा. नियम म्हणजे नियम."

तू म्हणालास, "सुम्ने पड रे." आपल्या घरी मुलांना गप्प करायला हाच शब्द असायचा. मी मुलासारखा गप्प पडलो.

तू मला दिवसातून कितीदा तरी फुलपात्रातून काहीतरी पाजायचास. तापाने माझ्या जिभेची चव गेली होती आणि नाक बंद होतं. डोळे उघडवत नव्हते. डोक्याखाली तुझा हात यायचा, ओठाला भांडं लागायचं, एवढंच कळायचं. त्या हाताला वेखंडाचा वास असणार, तोही मला आला नाही. बायको परत आली तेव्हा मी उशीला टेकून बसत होतो आणि तू माझ्याच खुर्चीत माझा चष्मा लावून झोपला होतास.

बरा झाल्यावर पहिली गोष्ट मी तुला विचारली, "मला काय पाजलंस? काढा की मिक्श्चर?"

तू म्हणालास, "रोग्याला सांगायचं नसतं. तूच वाचलं होतंस."

त्या दिवसापासून तू माझा छळ मांडलास. चारचौघांत म्हणायचास, "डाक्टरांना मी वाचवलं, काढ्याने." एकटे असलो की म्हणायचास, "तुझंच मिक्श्चर होतं, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस." पुन्हा विचारलं की, "दोन्ही." कधी, "नुसतं गरम पाणी." मी तुला कॉफीचं आमिष दाखवलं, शपथा घातल्या, तुझ्या बायकोकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. वहिनी म्हणाल्या, "मला तुमच्यात घेऊ नका." मी नोकरीतून निवृत्त झालो, जमादार गेले, पुतळाबाईच्या नातवाने पेठेत दुकान थाटलं, आणि तू सांगितलं नाहीस.

आता गेल्या महिन्याचं. मी वाचलं की विलायतेत त्या तापाचं मूळ सापडल्याचं म्हणतायत. आम्ही ज्या जंतूला धरून बसलो होतो तो नव्हेच. जंतू अडतील अशा बारीक गाळणीतूनही निसटून जाणारं काहीतरी. मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि हे सांगायला म्हैसुरात मला एकच माणूस होता. तू अंथरुणाला खिळला होतास. पाय सुजले होते, श्वास पुरत नव्हता. मी सांगितलं. तू डोळे मिटून ऐकलंस, मध्ये बोलला नाहीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"म्हणजे तू चुकला होतास," तू म्हणालास.

"हो."

"आणि मी?"

"तू तर फारच."

तू हसलास. हसताना धाप लागली. मी पिशवीतून हृदयाचं औषध काढलं, फुलपात्रात ओतलं. मला वाटलं, आता तू बुटाचं औषध नको म्हणून तोंड फिरवशील. तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "दे. फक्त काय ते सांगू नकोस. मला माझंच आहे असं वाटू दे."

मी तुझ्या डोक्याखाली हात घातला. तू सगळं प्यायलास. मग पाठीवर पडून म्हणालास, "दत्तू, मी तुला पाजत होतो, तेव्हा तुला काय वाटत होतं?"

मी खरं ते सांगितलं. तोंडाने नियम नियम म्हणत होतो, पण आतून मला वाटत होतं की हा माझंच मिक्श्चर देतोय, मला मरू देणार नाही.

"मग झालं," तू म्हणालास. मग तेच कन्नडमध्ये, "आयितु."

आणि डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलला नाहीस. दोन दिवसांनी तुझा मुलगा मला बोलवायला आला.

मी यावर खूप विचार केला. पंगतीतही हाच विचार करत होतो. मग झालं, हे उत्तर नव्हे, व्यंकोबा. माझ्या शास्त्रात याला उत्तर म्हणत नाहीत, आणि तुझ्याही शास्त्रात म्हणत नसावेत.